डॉन मेंडोची साडेसाती

स्पेनमध्ये पत्त्यांचा एक सोपा खेळ आहे. नाव 'सिएते इ मेदिया', म्हणजे साडेसात. त्यांचा पत्त्यांचा कॅट चाळीस पानांचा. नाणी, पेले, तलवारी आणि सोटे हे चार रंग. एक्क्यापासून सत्तीपर्यंत जितका आकडा तितके गुण, आणि गुलाम, घोडेस्वार, राजा या तीन चित्रांना अर्धा अर्धा गुण. एकेक पान मागत साडेसाताच्या शक्य तितकं जवळ जायचं. कमी पडलात तर दुसरा तुमच्यापेक्षा अर्ध्या गुणाने पुढे जाऊन पैसे उचलतो. साडेसात ओलांडलेत तर डाव तिथंच संपला, पैसे तुम्ही भरायचे.

बाराव्या शतकातला एक सरदार या खेळात नागवला जातो. रात्री प्रेयसीच्या मनोऱ्यात चढून येतो आणि आपली कर्मकहाणी तिला सांगू लागतो. भाषा भारदस्त, छंद जुन्या वीरकाव्याला शोभेल असा, आवाजात कंप. एखाद्या किल्ल्याचा पाडाव सांगावा तसा तो पत्त्यांचा डाव सांगतो: कमी पडलं तर कसं दुःख होतं, आणि पुढे गेलं तर त्याहून कसं वाईट होतं. शंभर वर्षं झाली, स्पेनमध्ये लोक हे भाषण तोंडपाठ म्हणून दाखवतात. शाळेत नाटक न शिकलेल्या माणसालाही त्यातल्या दोन-चार ओळी येतात.

त्या सरदाराचं नाव डॉन मेंडो. नाटकाचं नाव 'ला बेंगान्सा दे डॉन मेंडो', म्हणजे 'डॉन मेंडोचा सूड'. नाटककार पेद्रो मुन्योस सेका. पहिला प्रयोग 20 डिसेंबर 1918 रोजी माद्रिदच्या तेआत्रो दे ला कोमेदियामध्ये झाला. पुढे 1961 साली फर्नांदो फर्नान गोमेझ या नटाने त्याचा चित्रपट केला. दिग्दर्शन त्याचं आणि डॉन मेंडोही तोच. आजचा लेख या चित्रपटाबद्दल आहे, पण नाटकाला वळसा घालून चित्रपटापर्यंत पोचता येत नाही.

गोष्ट अशी. डॉन मेंडो हा काब्राचा मार्क्विस. खानदान मोठं, खिसा रिकामा. त्याचं माग्दालेनावर प्रेम आहे. ती डॉन नुन्यो मान्सो दे हारामा या सरदाराची मुलगी. बापाने तिचं लग्न तोरोचा ड्यूक डॉन पेरो याच्याशी ठरवलं आहे. ड्यूक श्रीमंत, राजाच्या मर्जीतला, त्यामुळे माग्दालेनाला हे स्थळ मनापासून पसंत आहे. मेंडोला तेवढंच माहीत नाही. त्याचं कर्ज फिटावं म्हणून ती त्याच्या हातात एक रत्नहार ठेवते, आणि नेमके त्याच वेळी बाप आणि नवरदेव दारात उभे राहतात. आता मेंडोने खरं सांगावं तर तिची अब्रू जाते. तो म्हणतो, मी चोर आहे, हार चोरायला आलो होतो. आणि ती त्याला चोर ठरू देते.

पुढे कैद, जिवंत भिंतीत चिणण्याची शिक्षा, वेश पालटून आलेल्या मोंकाडा या मित्राने केलेली सुटका. मेंडो रेनातो हे नाव घेऊन भाट बनतो, गात गात गावोगाव फिरतो आणि राजाच्या छावणीत पोचतो. तिथं माग्दालेना, आता ड्यूकची बायको आणि राजाचीही लाडकी, या परक्या भाटाच्या प्रेमात पडते. राणीही पडते. मेंडोबरोबर फिरणारी मूर नर्तकी तर आधीच पडलेली असते. चौथ्या अंकात सगळी मंडळी एका गुहेत जमतात, आणि पडदा पडतो तेव्हा रंगमंचावर प्रेतांचा खच असतो. मेंडोही स्वतःच्याच हाताने गेलेला असतो.

हा सगळा ऐवज करुण नाटकाचा आहे. मुन्योस सेकाने आपल्या नाटकाला 'शोकांतिकेचं व्यंगचित्र' म्हटलं होतं. शोकांतिकेच्या हाडामांसाला त्याने कुठे हात लावला नाही, फक्त तिच्या तोंडी भलते शब्द घातले.

नावांपासूनच सुरुवात होते. तोरो हे स्पेनमधलं खरं गाव आहे, सामोरा प्रांतातलं. पण 'तोरो' म्हणजे बैल, झुंजीचा बैल. काब्रा हेही खरं गाव, कोर्दोबा प्रांतातलं, आणि 'काब्रा' म्हणजे शेळी. दोघांनाही शिंगं. स्पॅनिशमध्ये ज्याची बायको दुसऱ्याच्या नादी लागली त्याला शिंगं फुटली असं म्हणतात. म्हणजे तोरोचा ड्यूक रंगमंचावर येतो, नाव सांगतो आणि प्रेक्षकाला त्याचं भविष्य कळतं. सासरेबुवा तर 'मान्सो दे हारामा'. माद्रिदजवळच्या हारामा नदीकाठचे बैल एके काळी उग्रपणाबद्दल प्रसिद्ध होते आणि 'मान्सो' म्हणजे गरीब, माणसाळलेला. त्या मूर नर्तकीचं नाव अथोफाइफा. कानाला अरबी, गूढ, मोहक वाटतं. अर्थ पाहिला तर ते एका फळाचं नाव आहे, आपल्या बोराच्या सख्ख्या भावंडाचं. आपल्याकडे एखाद्या ऐतिहासिक नाटकात राजनर्तकीला 'बोर' म्हणून हाक मारली तर जो हशा येईल तोच इथं आहे.

या जातीच्या नाटकाला स्पेनमध्ये 'आस्त्राकान' म्हणतात. मराठीत फार्स हा शब्द त्याच्या सगळ्यात जवळचा. पण आपल्या फार्सचा जीव दारं, पळापळ आणि गैरसमज यांत असतो, तर आस्त्राकानचा जीव शब्दांत असतो. कोट्यांसाठी पात्रं, कोट्यांसाठी प्रसंग, कोट्यांसाठी नावं. त्या काळच्या जाणत्या टीकाकारांना हा प्रकार फारसा आवडत नसे. पोटभरू लेखन, असा त्यांचा सूर होता. मुन्योस सेका पेद्रो पेरेझ फर्नांदेझ या सहलेखकाबरोबर आणि एकट्यानेही भराभर नाटकं लिहीत होता, शिवाय विमा खात्यातली सरकारी नोकरी सांभाळत होता. त्याच्या बहुतेक नाटकांबद्दल टीकाकारांचं म्हणणं चूक नव्हतं. 'डॉन मेंडो'बद्दल मात्र ते पुरतं चुकले.

कारण इथं कोटीला मागे एक भक्कम भिंत आहे. त्या काळी स्पेनच्या रंगभूमीवर पद्यातल्या ऐतिहासिक नाटकांची चलती होती. एदुआर्दो मार्किना आणि फ्रान्सिस्को बियाएस्पेसा हे त्यातले मोठे मानकरी. साम्राज्य गेलेलं, 1898 साली क्यूबा आणि फिलिपीन्स हातचे गेलेले. रंगमंचावर मात्र तलवारी खणखणत होत्या आणि मान, वंश, शौर्य यांवर पल्लेदार भाषणं चालली होती. यमक जुळवण्यासाठी ओळीत भरताड शब्द कोंबायची सवय या मंडळींना होती. आपण त्याला 'ट ला ट, री ला री' म्हणतो. स्पॅनिशमध्ये त्याला 'रिपियो' म्हणतात. मुन्योस सेकाने ही खोड उचलली आणि तिचंच सोनं केलं. त्याचा मेंडो यमकासाठी अक्षरशः वाटेल ते बोलतो, आणि बोलताना चेहऱ्यावरची रेषा हलू देत नाही.

मूळ ओळी इथं द्यायच्या नाहीत, म्हणून मराठीत मीच एक जुळवून दाखवतो. समजा, नायक गुडघ्यावर बसून म्हणाला, 'प्राण माझा तुजसाठी, हे सखे, तळमळतो. पायातला हा जोडा मात्र डावीकडे छळतो.' दुसरी ओळ नटाने डोळा मारून म्हटली तर विनोद मेला. पहिल्या ओळीतला हुंदका त्याने तसाच दुसरीत नेला पाहिजे. जोड्याचं दुःखही त्याला प्रेमाइतकंच खरं वाटलं पाहिजे. 'डॉन मेंडो' करणाऱ्या प्रत्येक नटाची परीक्षा इथं होते.

आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावाने 'झेंडूची फुले'मध्ये रविकिरण मंडळाच्या कवितेचं जे केलं ते आपल्याला ठाऊक आहे. चांगलं विडंबन लिहायला मूळ छंदावर हुकमत लागते. मुन्योस सेकाची ती होती. जुन्या स्पॅनिश नाटकांत प्रसंगानुसार छंद बदलत, तसे तोही बदलतो. त्याच्या ओळी मोजून पाहिल्या तर अक्षरसंख्या चुकत नाही. म्हणून तर ज्यांची थट्टा चालली होती ती गाजलेली नाटकं आज अभ्यासकांपुरती उरली आणि 'डॉन मेंडो'चे प्रयोग अजून होतात, हौशी मंडळीही ते आवडीने बसवतात. आता थट्टेचा विषय ठाऊक नसलेला प्रेक्षकही हसतो. मूळ गाणं विसरलं गेलं आणि विडंबन टिकलं, असं साहित्यात क्वचित घडतं.

आता चित्रपट. शब्दांवर जगणारं, पद्यातलं, रंगमंचावर हशाची वाट पाहत पुढे सरकणारं नाटक कॅमेऱ्यासमोर न्यायचं कसं? बहुतेक दिग्दर्शक अशा वेळी नाटक 'मोकळं' करतात. खरे किल्ले शोधतात, घोडे दौडवतात, संवाद कापतात. 1961 साली तर त्यासाठी हाताशी उत्तम संधी होती. त्याच वर्षी सॅम्युअल ब्रॉन्स्टन या अमेरिकी निर्मात्याचा 'एल सिद' पडद्यावर आला. चार्लटन हेस्टन आणि सोफिया लॉरेन, दिग्दर्शक अँथनी मान, चित्रीकरण बरंचसं स्पेनमध्ये, पेन्यिस्कोलाच्या समुद्रकाठच्या खऱ्या तटबंदीपुढे. त्यात दिसणारा राजा सहावा अल्फोन्सो. आणि 'डॉन मेंडो'मधला राजा आहे सातवा अल्फोन्सो, म्हणजे त्याचाच नातू, ज्याने 1126 ते 1157 या काळात लेऑन-कॅस्टिलवर राज्य केलं. एकाच सुमारास पडद्यावर आजोबा आणि नातू. आजोबांच्या वाट्याला दगडी तट आले आणि नातवाच्या वाट्याला रंगवलेले.

फर्नान गोमेझने उलटा रस्ता धरला. त्याने नाटकाचं नाटकपण लपवलंच नाही. चित्रपट रंगीत आहे आणि त्यातलं नेपथ्य रंगवलेलं आहे हे पहिल्या नजरेत कळतं. किल्ले, आकाश, झाडं, सगळं जुन्या पोथीतल्या चित्रांसारखं सपाट, भडक, देखणं. पात्रं पद्यातच बोलतात. आवाज चढवतात, हात उंचावतात, पोशाख तर विचारूच नका. माझ्या मते या चित्रपटाची सगळ्यात मोठी अक्कल इथं आहे. पेन्यिस्कोलाच्या खऱ्या दगडापुढे उभा राहून मेंडो यमकं जुळवू लागला असता तर तो वेडा वाटला असता. रंगवलेल्या किल्ल्यापुढे तो शहाणा वाटतो, कारण त्या जगाचा कायदाच तो आहे. फार्सला वास्तवाचा वारा लागला की तो कोसळतो. त्याचं घर चारी बाजूंनी बंद असावं लागतं.

शिवाय त्या रंगवलेल्या भिंतींना 1961 सालच्या प्रेक्षकासाठी आणखी एक अर्थ होता. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत, विशेषतः 1948 पासूनच्या काही वर्षांत, सिफेसा या कंपनीने राजे-राण्या, वीरांगना आणि कोलंबस यांच्यावर मोठाले ऐतिहासिक चित्रपट काढले होते. 'लोकुरा दे अमोर', 'अगुस्तिना दे अरागोन', 'आल्बा दे अमेरिका'. दिग्दर्शक हुआन दे ओर्दुन्या. लोक त्यांना पुढे 'पुठ्ठ्याचा सिनेमा' म्हणू लागले. भाषा तीच, छाती फुगवलेली. 1918 साली मुन्योस सेकाने मार्किनाच्या काळातल्या रंगभूमीला जो आरसा धरला होता, तोच फर्नान गोमेझने चाळीस वर्षांनी या पडद्यासमोर धरला. सेन्सॉर कडक असतानाही हे जमलं, कारण हातात एका सर्वमान्य नाटककाराचं जुनं, घराघरांत माहीत असलेलं नाटक होतं.

फर्नान गोमेझ स्वतः उंच, लालसर केसांचा, आणि आवाज असा खर्जातला की त्याने धोब्याची यादी वाचली तरी ऐकत राहावं. तो आवाज मेंडोच्या तोंडी बसतो तेव्हा साडेसाताच्या डावाचं भाषण खरोखरच एका पराभूत वीराचं वाटू लागतं. रंगमंचावरचा नट हशा आला की थांबतो, तो ओसरला की पुढे बोलतो. चित्रपटात थांबता येत नाही. फर्नान गोमेझने त्यावर काढलेला तोडगा साधा आहे. तो घाई करत नाही. ओळीच्या शेवटी यमकावर किंचित रेंगाळतो, जणू मेंडोला स्वतःलाच ते जुळल्याचं समाधान झालं आहे. त्या रेंगाळण्यात प्रेक्षकाला हसायला जागा मिळते. माग्दालेनाच्या भूमिकेत पालोमा वाल्देस आहे. तिचा निष्पाप चेहरा आणि त्यामागचा थंड हिशोब हे बेतलेलं रसायनही छान जमलं आहे.

सगळंच जमलं आहे असं नाही. छावणीचा भाग लांबतो. रंगमंचावर तिथं एकामागून एक बायका मेंडोच्या गळ्यात पडतात आणि टाळ्या वाढत जातात. पडद्यावर तोच प्रसंग तिसऱ्यांदा पाहिल्यासारखा वाटतो. आणि उपशीर्षकांवर अवलंबून राहणाऱ्या आपल्यासारख्यांचं निम्मं नुकसान ठरलेलं आहे, कारण भाषांतरात आधी यमक मरतं आणि मग शिंगांची कोटी. तरीही पाहावा. काय बोलतो ते कळलं नाही तरी कसं बोलतो ते कळतं.

या चित्रपटाबद्दल मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट मात्र पडद्यावर दिसत नाही. त्यासाठी 1936 साली जावं लागतं.

मुन्योस सेका राजेशाहीचा माणूस होता. 1931 साली स्पेनमध्ये प्रजासत्ताक आलं. त्याने त्या नव्या राजवटीची नाटकांतून खिल्ली उडवली. 'ला ओका' साम्यवाद्यांवर, 'अनाक्लेतो से दिवोर्सिया' घटस्फोटाच्या नव्या कायद्यावर. जुलै 1936 मध्ये यादवी युद्ध पेटलं तेव्हा तो बार्सिलोनात होता. तिथं प्रजासत्ताकाच्या बाजूच्या लोकांनी त्याला पकडून माद्रिदला आणलं आणि सान अंतोनच्या तुरुंगात ठेवलं. हा तुरुंग म्हणजे मूळची पाद्र्यांची शाळा. 28 नोव्हेंबर 1936 रोजी इतर कैद्यांबरोबर त्याला माद्रिदबाहेर नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. त्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये माद्रिदच्या तुरुंगांतून काढलेल्या दोन हजारांहून जास्त कैद्यांना असंच मारण्यात आलं. त्याला मारलं त्या गावाचं नाव पाराकुएयोस दे हारामा. अठरा वर्षांपूर्वी ज्या नदीच्या नावावर त्याने सासरेबुवांची कोटी केली होती, तीच हारामा.

त्याच्याबद्दल एक गोष्ट स्पेनमध्ये सांगितली जाते. शेवटच्या वेळी मारेकऱ्यांना तो म्हणाला म्हणे, की तुम्ही माझी मालमत्ता घ्याल, प्राणही घ्याल, पण मला आत्ता वाटणारी भीती काही तुम्हाला काढून घेता यायची नाही. ही दंतकथा म्हणूनच घ्यावी. पण लोकांना ती खरी वाटावी असाच तो लिहीत आला होता. आणि त्याच वर्षी, तीन महिने आधी, ऑगस्टमध्ये ग्रानाडाजवळ विरुद्ध, म्हणजे फ्रँकोच्या, बाजूच्या लोकांनी फेदेरिको गार्सिया लोर्काला मारलं होतं. एका देशाने एका वर्षात दोन्ही हातांनी आपले दोन नाटककार संपवले.

त्या नोव्हेंबरात माद्रिदमध्ये पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याची आई नटी. दौऱ्यावर असताना 1921 साली पेरूमधल्या लिमा शहरात तो जन्मला, आणि माद्रिदमध्ये आजीजवळ वाढला. फ्रँकोच्या फौजांच्या वेढ्यातल्या त्या शहरात अराजकवादी कामगार संघटना सीएनटीने नटांसाठी शाळा चालवली होती. तिथं तो अभिनय शिकला आणि 1938 साली व्यावसायिक रंगभूमीवर आला. हा मुलगा म्हणजे फर्नांदो फर्नान गोमेझ. वेढ्यातल्या या दिवसांवरच त्याने पुढे 'सायकली उन्हाळ्यासाठी असतात' या अर्थाच्या नावाचं आपलं सगळ्यात गाजलेलं नाटक लिहिलं.

युद्ध फ्रँको जिंकला. मुन्योस सेकाला नव्या राजवटीने हुतात्मा केलं. अशा वेळी पराभूत बाजूच्या संघटनेच्या शाळेत शिकलेल्या नटाने या लेखकाकडे पाठ फिरवली असती तर कुणाला नवल वाटलं नसतं. त्याने ते केलं नाही. त्याने लेखकाचं मरण बाजूला ठेवून त्याचं नाटक हातात घेतलं, त्याची यमकं सुधारली नाहीत, आणि सगळ्यात अवघड भूमिका स्वतःकडे ठेवली. लगेच पुढे त्याने 'एल मुंदो सिगे' हा गरीब माद्रिदचा अतिशय कडवट चित्रपट केला. तो तेव्हा जेमतेम दाखवला गेला आणि 2015 साली पुन्हा प्रदर्शित झाला. 'डॉन मेंडो' आणि 'एल मुंदो सिगे' लागोपाठ करणाऱ्या माणसाला विनोद म्हणजे पळवाट वाटत नव्हती, एवढं त्यावरून मी नक्की म्हणेन. चांगलं काम ज्याने केलं त्याचं मानायचं, तो कुठल्याही बाजूचा असो. आजच्या आपल्या दिवसांत मला या चित्रपटाचं मोल म्हणूनच जास्त वाटतं. लेखकाची बाजू आधी विचारून मग हसायचं की नाही ठरवणाऱ्यांची संख्या आपल्याकडेही वाढते आहे, आणि ते मला बरं वाटत नाही.

माद्रिदमध्ये काये देल प्रिन्सिपे नावाचा रस्ता आहे, राजपुत्राचा रस्ता. त्याच्या 14 क्रमांकाच्या इमारतीत तेआत्रो दे ला कोमेदिया आहे. 'डॉन मेंडो'चा पहिला पडदा तिथं वर गेला. त्याच रस्त्यावर 25 क्रमांकाला तेआत्रो एस्पान्योल आहे. 21 नोव्हेंबर 2007 रोजी फर्नांदो फर्नान गोमेझ वारला, तेव्हा अंत्यदर्शनासाठी त्याची शवपेटी तिथल्या रंगमंचावर ठेवली होती, अराजकवाद्यांच्या लाल-काळ्या झेंड्यात गुंडाळून. एका नाट्यगृहातून निघून दुसऱ्यात पायी जायला दोन-तीन मिनिटं पुरतात.